काळा पडदा, दोन फॉरमॅट, चार रॅम : काँप्युटर मधेच मान टाकतोय, कुणी सांगेल का?

पत्रिकावाली_चिपळूण
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप गेले तीन महिने छळतोय. माझं काम घरबसल्या डीटीपीचं, लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, कधी कुणाचं आत्मचरित्र. आधीचा काँप्युटर २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला, वाशिष्ठीचा चिखल केसमधून चमच्याने काढलाय मी. मग त्याच वर्षी दिवाळीला हा असेंबल करून घेतला आणि माळ्यावर ठेवला. रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चार वर्षं एका शब्दाची तक्रार नाही.
२०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून ११ टाकलं, आणि त्याच आठवड्यात दिवाळीच्या मुहूर्तावर अजून ८-८ च्या दोन रॅम घातल्या, एकूण ३२. नोव्हेंबरपासून सुरू. काम करता करता पडदा काळा, रीस्टार्ट. कधी दिवसातून तीनदा, कधी चार दिवस काही नाही. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने दोनदा फॉरमॅट मारला, ५०० अधिक ५००, दोन्ही वेळा "विंडोज करप्ट झालीय मॅडम". रॅमचं विचारलं तर म्हणे रॅम गेली की निळा पडदा येतो, हा काळा आहे म्हणजे डिस्प्लेचा प्रॉब्लेम, ग्राफिक्स कार्ड घ्या. घेऊ का?

पीसी_पंटर
अँटीव्हायरस कुठला आहे? क्रॅक सॉफ्टवेअर असेल तर हेच होणार. सगळं उडवून फ्रेश विंडोज टाका.

पत्रिकावाली_चिपळूण
दोनदा फ्रेश टाकून झालंय हो दादा, वरच लिहिलंय. क्रॅक काही नाही.

खटपट्या_कोल्हापूर
ताई ग्राफिक्स कार्ड अजिबात घेऊ नका, थांबा जरा. काळा-निळा वगैरे काही नाही, मायक्रोसॉफ्टनेच २०२५ मधे विंडोज ११ चा क्रॅशचा पडदा निळ्याचा काळा केलाय. आजार तोच, साडी बदलली फक्त. खाली बारीक अक्षरात स्टॉप कोड येतो, तो महत्त्वाचा. पुढच्या वेळी मोबाईलने फोटो काढा. आणि मागचे बघायचे असतील तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधे मिनीडंप नावाचं फोल्डर असतं, ब्ल्यूस्क्रीनव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर त्या फायली वाचून यादी दाखवतं. ती यादी इथे टाका मग बोलू.

पत्रिकावाली_चिपळूण
काढली यादी. दुसऱ्या फॉरमॅटनंतरचे नऊ आहेत. मेमरी मॅनेजमेंट तीनदा, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल दोनदा, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया दोनदा, कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर एकदा, सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन एकदा. दोषी फाईल म्हणून दर वेळी वेगळंच नाव, एकदा नेटवर्कचं, एकदा डिस्कचं, दोनदा विंडोजचं स्वतःचं.
अजून एक, संबंध आहे की नाही माहीत नाही. गिऱ्हाइकाने पाठवलेली झिप फाईल उघडताना सीआरसी एरर (फाईल बिघडल्याची तक्रार) आली, तीच फाईल परत उघडली तर व्यवस्थित उघडली. आणि ब्राउझरच्या टॅब आपोआप मरतात.

खटपट्या_कोल्हापूर
बघा, ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) खराब असता तर तोच तो ड्रायव्हर आणि बहुतेक तोच तो कोड परत परत आला असता. इथे रोज नवीन आरोपी पकडला जातोय, म्हणजे चोर दुसराच आहे. आणि झिपचं तुम्ही सांगितलंत ते तर लाखाचं बोललात, तीच फाईल एकदा उघडत नाही आणि एकदा उघडते म्हणजे डिस्कवर फाईल ठीक आहे, वाचून रॅममधे ठेवल्यावर बिघडतेय. माझे पैसे रॅमवर. ग्राफिक्स कार्डवर एक रुपया नाही.

झिंगाट_नागपूर
पण ३२ जीबी भरून नाही ना जात? माझ्या भावाच्या पीसीचंही असंच होतं, काहून बंद पडते काहून बंद पडते करून राहिले सगळे, शेवटी पाहतो तर त्यानं कुठंतरी व्हिडिओ पाहून पेजफाईलच (रॅम कमी पडली का विंडोज डिस्कवरची जी जागा वापरते ते) बंद करून ठेवली होती. रॅम भरली का धडाधड सगळं बंद.

खटपट्या_कोल्हापूर
नागपूरकर भाऊ, ते वेगळं दुखणं. मेमरी कमी पडली तर आधी मशीन हळू होतं, मेमरी लो असा मेसेज येतो, प्रोग्रॅम बंद पडतात, आणि इव्हेंट व्ह्यूअरमधे रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टरची २००४ नंबरची नोंद सापडते. कमी पडणारी रॅम आणि खोटं बोलणारी रॅम यात फरक आहे. तरी ताई, टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्सखाली कमिटेड आकडा (सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी) बघून ठेवा.

पत्रिकावाली_चिपळूण
कमिटेड ११ जीबी आहे ३७ पैकी (रॅम अधिक पेजफाईल), सगळं उघडं ठेवून. २००४ ची नोंद एकही नाही. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालवलं, वीस-पंचवीस मिनिटं फिरलं आणि म्हणालं काही दोष नाही. मग?

संशयात्मा
मग रॅम ठीक आहे. एसएमपीएस (काँप्युटरचा पॉवर सप्लाय) बघा. कोकणात लाइटचा जो खेळ चालतो त्यात सप्लाय आधी मरतो. यूपीएस आहे का? अर्थिंग आहे का?

पत्रिकावाली_चिपळूण
यूपीएस आहे, वर्षभरापूर्वी बॅटरी बदललीय. अर्थिंग पुरानंतर नवीन केलंय.

सर्व्हररूमवाला
विंडोजच्या डायग्नोस्टिकने पास केलं म्हणून रॅम सुटली असं नाही. ते न सांगता चालवलं तर स्टँडर्ड चाचणी दोन फेऱ्या करून थांबतं. चालू असताना एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडता येतं, पण त्यापेक्षा मेमटेस्ट८६+ घ्या. फुकट आहे, पेन ड्राइव्हवर टाकायचं आणि त्यावरून काँप्युटर चालू करायचा. विंडोज मधे नसतंच, त्यामुळे एरर आली तर ड्रायव्हरवर ढकलता येत नाही. रात्री लावून झोपा. निदान चार पास, पास म्हणजे सगळ्या चाचण्यांची एक पूर्ण फेरी. एक एरर सुद्धा नापास, इथे ग्रेस मार्क नाहीत.
दोन सूचना. पेन ड्राइव्हवरून चालू होत नसेल तर बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधे) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमवरून चालू होऊ न देणारं कुलूप, तात्पुरतं बंद करावं लागेल, पण त्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या फायलींना लागणारं कुलूप) चालू आहे का बघा आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोज ११ मधे बऱ्याचदा ते न विचारता चालू झालेलं असतं, नंतर ४८ आकडी नंबर मागितला की लोक रडतात. दुसरं, कामाच्या फायलींचा बॅकअप आत्ता घ्या, पण जुन्या बॅकअपवर चढवू नका, वेगळ्या डिस्कवर घ्या. कारण नंतर सांगतो.

पीसी_पंटर
एवढं कशाला, रॅम काढून खोडरबरने घासा, ९९% केसेस तिथेच सुटतात. मिस्टरांना सांगा केस उघडून द्यायला.

पत्रिकावाली_चिपळूण
पुराचा चिखल मी काढला तेव्हा मिस्टर बादल्या उपसत होते. केस मला उघडता येते 😀

सोल्डरगन
हाहा, पंटर गप.
खोडरबर चालतं पण त्याचा चुरा स्लॉटमधे पडला तर नवीन दुखणं. कोकणातली दमट हवा बघता पिना पुसायच्या असतीलच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, पूर्ण वाळवा, मग लावा. वायर भिंतीतून काढून पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा, आणि आधी केसच्या पत्र्याला हात लावून घ्या. पण हे सगळं आत्ता नाही!! आधी आहे तशा अवस्थेत मेमटेस्ट. नाहीतर काढून परत बसवल्याने दोन दिवस बरं वाटेल आणि नक्की काय होतं ते कधीच कळणार नाही.

पत्रिकावाली_चिपळूण
काल रात्री दहाला लावलं. पहिला पास स्वच्छ, मी खूश होऊन झोपले. पहाटे पाचला उठून बघते तर पडदा लाल. २१४ एरर!! पत्त्यांचे आकडे साधारण एकाच भागातले दिसतात. एक्स्पेक्टेडच्या रकान्यात सगळे एफ एफ एफ आणि फाउंडच्या रकान्यात तेच, फक्त शेवटचं अक्षर एफच्या जागी बी. जवळजवळ प्रत्येक ओळीत फरक त्याच जागी.

सर्व्हररूमवाला
छान, म्हणजे वाईट पण छान. हे वाचायचं कसं : ते आकडे सोळाच्या पायातले (हेक्साडेसिमल), एकेक अक्षर म्हणजे चार बिट, आणि बिट म्हणजे एक किंवा शून्य. एफ म्हणजे ११११, बी म्हणजे १०११. चारातला एकच बिट पडलाय, आणि तोही दर वेळी तोच. तिथे एक लिहिला तर थोड्या वेळाने शून्य वाचला जातो. वेगाचा किंवा व्होल्टेजचा घोळ असता तर बहुधा एरर विखुरलेल्या आल्या असत्या. एकच बिट आणि एकच भाग म्हणजे एखाद्या चिपमधला कोपरा मेलाय असं वाटतं.
तरी नियमाने जाऊ. चार स्टिक (रॅमच्या पट्ट्या), त्यातही दोन वेगळ्या वेळी घेतलेले जोड. चार स्लॉट भरले की प्रोसेसरवर ताण जास्त, कंपनीचाच अधिकृत वेग चार स्टिकला ३२०० च्या खाली येतो. म्हणून आधी बायोसमधे एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने पळवायची सेटिंग (काही बोर्डांवर डीओसीपी लिहिलेलं असतं), बंद करा आणि परत रात्रभर. एरर गेल्या तर रॅम निर्दोष, फक्त एवढ्या जोरात पळवायची नाही. राहिल्या तर एकेक स्टिक.

संशयात्मा
मी अजूनही म्हणतो विंडोज ११ आल्यापासूनच सुरू झालंय हे सगळं.

पत्रिकावाली_चिपळूण
संशयात्मा काका, मलाही तेच वाटायचं. एका आठवड्यात दोन बदल केले हीच चूक झाली, कुणाला धरायचं तेच कळेना.
एक्सएमपी बंद करून वेग २६६६ झाला. परत रात्रभर. ६३ एरर. तेच अक्षर.

खटपट्या_कोल्हापूर
म्हणजे वेग नाही. आता एकेक काढा. प्रत्येक स्टिक एकाच स्लॉटमधे घालून तपासायची, प्रोसेसरकडून मोजलं तर दुसरा, बोर्डाच्या पुस्तकात ए२ लिहिलेला असतो. आणि खूण करून ठेवा बरं का, चारही सारख्या दिसतात, माझ्या मेहुण्याने तपासलेलीच रॅम दोनदा तपासून चांगली रॅम भंगारात घातलीय.

पत्रिकावाली_चिपळूण
टिकल्या लावल्यात. जुन्या दोघींना लाल आणि मरून, नव्या दोघींना हिरवी आणि निळी. चिपवर नाही, कडेला.

सोल्डरगन
ही पद्धत मी चोरली.

पत्रिकावाली_चिपळूण
पाच दिवसांचा हिशोब देते. काम सगळं मुलाच्या लॅपटॉपवर केलं त्यामुळे घरात शीतयुद्ध.
लाल : चार पास, शून्य. मरून : शून्य. निळी : शून्य. हिरवी : दुसऱ्या पासला सुरू, सकाळपर्यंत ९७. मग हिरवीला दुसऱ्या चॅनलच्या स्लॉटमधे (बी२) घातली, तिथेही एरर, तेच एफचं बी. आणि हिरवीच्या जागी ए२ मधे परत लाल घालून बघितली, शून्य. म्हणजे स्लॉट निर्दोष, बोर्ड निर्दोष, विंडोज ११ निर्दोष. संशयात्मा काका, पेढे तुमच्याकडे.

संशयात्मा
मान्य. पेढे पोस्टाने.

सर्व्हररूमवाला
एकेक पासवर न थांबता रात्रभर ठेवलंत ते बरं केलंत, एकाच पासवर थांबला असतात तर हिरवी सुद्धा पास झाली असती.
आता ते बॅकअपचं. गेले तीन महिने तुम्ही जी फाईल उघडून सेव्ह केली ती या रॅममधून गेलीय. क्रॅश झाला तर निदान कळतं. पण तोच बिट विंडोजच्या पोटात न पडता तुमच्या मजकुरात, फोटोत पडला तर कुणी काही बोलत नाही, बिघडलेली फाईल सुखाने सेव्ह होते आणि बॅकअपलाही जाते. सर्व्हरमधे म्हणून ईसीसी रॅम असते, ६४ बिटांमागे ८ जादा पहारेकरी, एक बिट पडला की जागच्या जागी दुरुस्त. घरच्या साध्या रॅममधे पहारा नाही.
हिरवी काढल्यावर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधे आधी डिझमचं रिस्टोअर हेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ चालवा, विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करेल. तुमच्या स्वतःच्या फायली मात्र त्याला ओळखता येत नाहीत. ऑक्टोबरच्या आधीचा बॅकअप असेल तर तो जपा.

पत्रिकावाली_चिपळूण
थांबा थांबा. हे वाचून मी आत्ता एक जुनी फाईल उघडली आणि हात गार पडले.
डिसेंबरात एक पत्रिका केली होती. छापून गेली, ८०० प्रती, आणि मग वराकडून फोन. निमंत्रकांत "मामा-मामी" च्या जागी "मापा-मामी". मी माफी मागितली, कागदाचा खर्च सोसला, सगळे म्हणाले ताईंची टायपिंगची चूक. पण आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रूफमधे "मामा" स्वच्छ आहे, तो फोटो अजून आहे माझ्याकडे. नंतर मी फक्त तारखेचा फॉन्ट मोठा केला आणि सेव्ह केलं. त्या ओळीला हात लावलेला नाही. आणि मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करते, म आणि प शेजारी सुद्धा नाहीत.
हे त्या बिटाने होऊ शकतं का? की मी उगाच दोष ढकलतेय?

लिपीवेडा
मी या धाग्यावर नुसता वाचत होतो पण आता बोलतोच. युनिकोडच्या तक्त्यात म चा नंबर ०९२ई आणि प चा ०९२ए. शेवटचं अक्षर बघा. ई म्हणजे १११०, ए म्हणजे १०१०. फरक एकाच बिटाचा. आणि तुमच्या मेमटेस्टमधे एफचं बी होतंय म्हणजे ११११ चं १०११, पडलेला बिट तोच, डावीकडून दुसरा!
याच हिशोबाने तुमच्या हिरव्या टिकलीत त चा ठ होईल, द चा ढ, य चा फ, श चा ल. र, स, न, ह यांना धक्का नाही कारण त्यांच्यात तो बिट मुळातच शून्य आहे. "शुभ" चं "लुभ" झालं नाही हे वराचं नशीब.

संशयात्मा
वा. पण पुरावा नव्हे हा. ३२ जीबीतला नेमका तो कोपरा आणि नेमका तो म?

लिपीवेडा
पुरावा नाहीच, कोर्टात टिकणार नाही. पण टायपिंगची चूक असती तर म च्या जागी कुठलंही अक्षर आलं असतं, नेमकं एका बिटावरचंच आलं आणि तेही याच बिटावरचं. आणि प्रूफमधे बरोबर होतं. मी तरी ताईंना निर्दोष सोडतो.

खटपट्या_कोल्हापूर
नाद खुळा!! तीस वर्षं काँप्युटर बघतोय, रॅमने शुद्धलेखन बिघडवलेलं पहिल्यांदा बघितलं.

झिंगाट_नागपूर
माह्या शाळेतल्या निबंधाचीबी रॅमच खराब होती वाटते.

पत्रिकावाली_चिपळूण
😂😂 खरं सांगू, रडायला आलं. दीड महिना मी प्रत्येक पत्रिका तीनदा वाचतेय.
आता हिरवी-निळी दोन्ही काढल्यात, लाल-मरूनवर काम चालू, १६ जीबी. डिझम झालं, एसएफसीने काही फायली दुरुस्त केल्याचं सांगितलं. आठ दिवसांत एकही क्रॅश नाही. नोव्हेंबरनंतरच्या पत्रिकांच्या फायली प्रूफच्या फोटोंशी ताडून बघतेय. एका अहवालात "सभासढ" सापडलं. द चा ढ!

लिपीवेडा
सभासढ. संशयात्मा, आता?

संशयात्मा
आता पेढे मी दोन किलो देणे लागतो.

पत्रिकावाली_चिपळूण
नवीन रॅमचं काय करू? दुकानदार म्हणतो महिन्याभरानंतर बदलून मिळत नाही. नवीन जोड घ्यायचा तर भाव विचारून घाम फुटला, दिवाळीत घेतली त्याच्या कितीतरी वर.

सोल्डरगन
भावाचं बोलू नका, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून आपल्यासारख्यांना साधी डीडीआर४ सुद्धा परवडेना. म्हणून तर वॉरंटी सोडू नका. दुकानदाराला नका विचारू, रॅमच्या बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर वॉरंटी किती ते बघा, बऱ्याच कंपन्या लाइफटाइम देतात. बिल आणि स्टिकरवरचा सीरियल नंबर लागतो. मेमटेस्टच्या लाल पडद्याचा फोटो जोडा. जोड म्हणून घेतली असेल तर दोन्ही स्टिक मागतात, फक्त हिरवी पाठवू नका. आणि टिकल्या काढा पाठवताना!

खटपट्या_कोल्हापूर
आणि बदलून आलेली लगेच कामाला लावू नका, आधी एक रात्र एकटी मेमटेस्टमधे. आलेली रॅम पण माणसानेच पॅक केलेली असते.

पत्रिकावाली_चिपळूण
(तीन आठवड्यांनी) मंडळी, बदलून आल्या. टिकल्या काढायला विसरले होते, पावतीवर "विथ स्टिकर" असं लिहून आलंय. नव्या दोघी एकेक रात्र आणि मग चौघी मिळून एक रात्र, शून्य. वेग २६६६ वरच ठेवलाय, पत्रिकेला ३२०० ची गरज नाही. आज अकरावा दिवस, क्रॅश नाही. वराच्या मामांना सगळं सांगितलं, त्यांना बिट वगैरे काही कळलं नाही पण आता सगळं गाव त्यांना मापाच म्हणतं आणि त्यांनी ते मनावर घेतलेलं नाही.

नवखा_२०२६
माझा लॅपटॉप पण हँग होतो, रॅम घासू का?

सोल्डरगन
नवीन धागा काढा, आणि कोड लिहा.